लष्करी खर्च व विधिमंडळाची संमती

लष्करी खर्च व विधिमंडळाची संमती : राज्याच्या सैन्यावर होणारा खर्च लोकप्रतिनिधींच्या सभेने मंजूर केल्यावाचून तिजोरीतून काढता येऊ नये, हे संसदीय शासनपद्धतीचे एक मूलतत्त्व होय. इंग्लंडमध्ये १६८९ च्या हक्कांच्या सनदेने शांततेच्या काळात संसदेच्या संमतीशिवाय खडे सैन्य बाळगणे बेकायदा ठरविले. अमेरिकेच्या संविधानाने सैन्यासाठी एका वेळी दोन वर्षांहून अधिक मुदतीची रक्कम मंजूर करण्यास तेथील काँग्रेसला मनाई केली. भारतात हे तत्त्व पूर्णांशाने २६ जानेवारी १९५० पासून अंमलात आले. तत्पूर्वी ब्रिटिश मुलखातील प्रजेला सैन्याच्या खर्चाविषयी बोलण्याचा थोडाबहुत अधिकार मिळाला होता, मत देण्याचा मिळाला नव्हता. संस्थानी प्रजेला तर बोलण्याचाही नव्हता.

मराठवाड्यातील बीड जिल्ह्याचा इतिहास या दृष्टीने विशेष उद्‌बोधक आहे. या जिल्ह्यातील अंबाजोगाई (निजामी अमदानीतील मोमिनाबाद) येथे ज्या फौजेच्या घोडदळाची छावणी होती, त्या फौजेचा पगार कोणी द्यावा, किती द्यावा व त्याचा हिशेब कोणी मागावा, या वादात हैदराबाद संस्थानाला वऱ्हाडासारखा संपन्न प्रांत गमवावा लागला. लष्करी खर्चाला नकार देण्याचा अधिकार कोणाकडेच नसला म्हणजे काय घडते, याचे इतके ठळक उदाहरण महाराष्ट्राच्या इतिहासात दुसरे क्वचितच सापडेल.

हैदराबाद कंटिंजंट : निजाम अली खानाने १७९८ मध्ये इंग्रजांची तैनाती फौज कायमची स्वीकारली आणि १८०० च्या तहान्वये तिच्या खर्चापोटी म्हैसूरच्या युद्धांत वाट्याला आलेला मुलूख कंपनीस तोडून दिला. त्याच तहात युद्धप्रसंगी निजामाने आपले ६,००० पायदळ व ९,००० घोडदळ मदतीस द्यावे, असे कलम होते. हे कलम वरवर पाहता तैनाती फौजेच्या अटींपेक्षा सौम्य वाटते. पुढील सर्व अनर्थाचे मूळ मात्र त्यातच होते. निजामाचे सैन्य कवायती नसल्यामुळे ते युद्धात उपयोगी पडत नाही, अशी तक्रार करून रेसिडेंट हेन्री रसेल (कारकीर्द १८११–२०) याने इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली एक नवी फौज उभी केली. प्रारंभी ‘रसेल ब्रिगेड’ व पुढे ‘हैदराबाद कंटिंजंट’ या नावाने ती ओळखली जाऊ लागली. १८१८ मध्ये बीड भागात धर्माजी प्रतापराव याने केलेले बंड मोडण्याच्या कामी हेच घोडदळ वापरले गेले. अधिकारी इंग्रज, हुकूम रेसिडेंटचा आणि पगार निजामाच्या खजिन्यातून, अशी ही व्यवस्था होती.

या फौजेचा वार्षिक खर्च सुमारे ४० लाख रुपये होता. हा आकडा कमी करणे निजामाच्या हाती नव्हते आणि तो वाढू नये याची काळजी रेसिडेंटला घेण्याचे कारण नव्हते, कारण पैसा त्याच्या सरकारचा नव्हता. दिवाण चंदूलाल याच्या कारभारात पगार भागविण्यासाठी पामर आणि कंपनी या पेढीकडून भरमसाट व्याजाने कर्जे काढण्यात आली. ही पेढी दूर केल्यावर ईस्ट इंडिया कंपनीच फौजेचा पगार आगाऊ देऊ लागली आणि तो निजामाच्या नावे कर्जखाती पडू लागला. व्याज चढत गेले. कर्ज वारण्यासाठी तालुकेच्या तालुके सावकारांकडे व अरब-रोहिल्यांच्या जमादारांकडे गहाण पडत. मक्तेदार रयतेकडून वसूल होईल तेवढा सारा वसूल करीत. खर्च मंजूर करणारा एक, तो करणारा दुसरा आणि भरणारा तिसरा अशी ही साखळी होती. तिच्या शेवटच्या टोकाला असलेल्या कुळाचे मत विचारण्याची कल्पनाही त्या काळी कोणाच्या मनात आली नसावी.

१८५३ पर्यंत हे कर्ज सुमारे ४५ लाखांवर गेले. गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी याने त्या वर्षीच्या मे महिन्यात नासिरुद्दौला निजामाकडून नवा तह करवून घेतला. त्यानुसार कंटिंजंट हे निजामाचे सैन्य उरले नाही. निजामाच्या उपयोगासाठी कंपनीने बाळगलेली ती एक साहाय्यक फौज ठरली. तिची संख्या किमान ५,००० पायदळ, २,००० घोडदळ व चार तोफखाने अशी निश्चित झाली. तिच्या पगारासाठी व कर्जाच्या व्याजासाठी वऱ्हाड, रायचूर दुआब आणि बीडला लागूनच असलेला धाराशिव-नळदुर्गकडील मुलूख, असा एकूण अंदाजे ५० लाख रुपये उत्पन्नाचा प्रदेश इंग्रजांच्या ताब्यात देण्यात आला. या तहात एक कलम महत्त्वाचे होते. कंपनीने या मुलखाच्या जमाखर्चाचा हिशेब दरसाल निजामास द्यावा व खर्च वजा जाता उरलेली शिल्लक परत करावी, असे त्यात म्हटले होते. १८६० च्या तहाने धाराशिव व रायचूर हे भाग निजामास परत मिळाले, ५० लाखांचे कर्ज माफ झाले. पण वऱ्हाड इंग्रजांकडेच राहिले आणि हिशेब मागण्याचा हक्क निजामाने सोडून दिला. अठराशे सत्तावन्नच्या उठावातील निष्ठेचे पारितोषिक म्हणून या तहाचा गौरव करण्यात येतो. तथापि लष्करी वित्ताच्या दृष्टीने पाहता, हिशेबाचा हक्क सोडणे हे त्यातील सर्वांत महाग कलम होते. शिल्लक किती हे ठरविण्याचा अधिकार खर्च करणाऱ्याकडेच गेला आणि वऱ्हाडच्या प्रशासनाचा खर्च फार दाखविला जातो, ही तक्रार पुढे हैदराबादचे मुत्सद्दी सतत करीत राहिले. दिवाण सर सालारजंग यांनी वऱ्हाड परत मिळविण्यासाठी अनेक वर्षे पत्रव्यवहार केला. कंटिंजंटच्या पगाराची हमी म्हणून रोख भांडवल ठेवण्याची तयारीही त्यांनी दर्शविली. तिचा उपयोग झाला नाही.

गोखले आणि १९०२ : या प्रकरणाचा शेवट १९०२ मध्ये झाला. योगायोगाने त्याच वर्षी ब्रिटिश हिंदुस्थानच्या लष्करी खर्चावर एका मराठी प्रतिनिधीने केलेली टीका देशभर गाजली. २६ मार्च १९०२ रोजी गोपाळ कृष्ण गोखले यांनी कलकत्त्याच्या वरिष्ठ कायदेमंडळात अर्थसंकल्पावरील आपले पहिले भाषण केले. अध्यक्षस्थानी व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन होते. तिजोरीत मोठी शिल्लक पडल्याबद्दल सरकार समाधान व्यक्त करीत असता गोखल्यांनी ती शिल्लक म्हणजे देशाच्या समृद्धीची खूण नसून रयतेवर गरजेपेक्षा अधिक कर लादल्याचा पुरावा आहे, असे आकडेवारीने दाखविले. मिठावरील कर कमी करावा, अशी त्यांची मागणी होती. दक्षिण आफ्रिका व चीन येथील मोहिमांसाठी हिंदुस्थानातून सैन्य पाठविता आले, त्या अर्थी देशाच्या संरक्षणास लागते त्याहून मोठी फौज येथील करदात्याच्या पैशावर पोसली जात आहे, हा त्यांचा युक्तिवाद सरकारला खोडून काढता आला नाही. १८९७ मध्ये वेल्बी आयोगापुढे साक्ष देताना त्यांनी याच प्रश्नाची पूर्वतयारी केली होती.

परंतु १८९२ च्या कायद्यानुसार सभासदांना अर्थसंकल्पावर केवळ भाषण करता येत असे. ठराव मांडता येत नसे आणि मतदान तर नव्हतेच. भाषणे संपली की बैठक उठे आणि अर्थसंकल्प होता तसाच राही. याच कर्झन यांनी त्या वर्षी निजाम मीर महबूब अली खान यांच्याशी वाटाघाटी करून ५ नोव्हेंबर १९०२ चा करार घडवून आणला. वऱ्हाड दरसाल २५ लाख रुपये खंडाने कायमचे इंग्रजांकडे आले आणि कंटिंजंट ही स्वतंत्र फौज १९०३ मध्ये भारतीय लष्करात विलीन झाली. तिच्या घोडदळाच्या पलटणी ‘डेक्कन हॉर्स’ यांसारख्या नावांनी पुढे चालू राहिल्या. कायदेमंडळात गोखल्यांना निदान ऐकून घेतले गेले. मोमिनाबादच्या छावणीचा खर्च ज्यांच्या साऱ्यातून निघाला, त्यांच्या वतीने बोलणारे हैदराबादेत कोणीच नव्हते.

पुढील दोन सुधारणा-कायद्यांनी सभासदांचे अधिकार वाढविले, पण सैन्याभोवतीची भिंत तशीच ठेवली. १९०९ च्या कायद्याने अर्थसंकल्पावर ठराव मांडता येऊ लागले. लष्कर हा विषय त्यांतून वगळला होता. १९१९ च्या कायद्याने मध्यवर्ती विधिसभेपुढे अनुदानाच्या मागण्या मतास येऊ लागल्या, पण खर्चाचे दोन भाग पाडण्यात आले : मतदेय आणि अमतदेय. संरक्षणखर्च अमतदेय भागात टाकण्यात आला आणि गव्हर्नर जनरलच्या अनुज्ञेशिवाय त्यावर चर्चाही करता येत नसे. मतदेय भागातील कपातसुद्धा गव्हर्नर जनरलला आपल्या अधिकारात रद्द करता येई. १९२३ मध्ये मिठावरील कर दुप्पट करण्याचा प्रस्ताव विधिसभेने फेटाळला असता लॉर्ड रेडिंग यांनी तो प्रमाणित करून अंमलात आणला. १९२४ च्या मार्चमध्ये स्वराज्य पक्षाने काही मागण्या व वित्त विधेयक नामंजूर करवून घेतले. त्याने सरकारचा कारभार अडला नाही, पण लोकमत कोठे आहे हे जगाला कळले. १९३५ च्या कायद्यातही संरक्षण हा राखीव विषय राहिला.

हैदराबादमधील स्थिती : संस्थानात १८९३ मध्ये कायदे-कौन्सिल स्थापन झाले होते, पण अर्थसंकल्प मंजूर करण्याशी त्याचा संबंध नव्हता. खजिना हा राज्यकर्त्याचा, ही भूमिका अखेरपर्यंत टिकून होती. पहिल्या महायुद्धात सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांनी ब्रिटिशांना पैशाची व फौजेची मोठी मदत केली. ती प्रजेच्या कोणत्याही सभेपुढे मांडण्याचा प्रश्नच नव्हता. १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसने जबाबदार राज्यपद्धतीची मागणी केली, तिचा गाभा हाच होता. कर देणाऱ्यांनी निवडलेल्या सभेला राज्यकारभार व खर्च जबाबदार असावा, असे ती मागणी सांगत होती. तिचे प्रमुख नेते स्वामी रामानंद तीर्थ हे अंबाजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयातून सार्वजनिक जीवनात आले, ही गोष्ट लक्षणीय आहे. जे गाव छावणीमुळे नकाशावर ठळक झाले होते, तेच आता या चळवळीचे एक केंद्र बनले. १९३९ मध्ये जाहीर झालेल्या व १९४६ मध्ये अंमलात आलेल्या घटनात्मक सुधारणांनी मंत्रिमंडळ विधिमंडळास जबाबदार केले नाही आणि स्टेट काँग्रेसने त्या नाकारल्या.

राज्यकर्त्याच्या मर्जीवर चालणाऱ्या खजिन्याची शेवटची दोन उदाहरणे स्वातंत्र्योत्तर तेरा महिन्यांतील आहेत. भारताशी जैसे थे करार केलेला असताना निजाम सरकारने आपल्याजवळील भारत सरकारच्या रोख्यांतून पाकिस्तानला २० कोटी रुपयांचे कर्ज देऊ केले. सप्टेंबर १९४८ मध्ये लंडनमधील एका बँकेतून सुमारे १० लाख पौंड पाकिस्तानच्या तेथील उच्चायुक्तांच्या खात्यावर गेले. या दुसऱ्या रकमेवरील वाद सत्तर वर्षांहून अधिक काळ चालला. २ ऑक्टोबर २०१९ रोजी लंडनच्या उच्च न्यायालयाने व्याजासह सुमारे साडेतीन कोटी पौंडांपर्यंत वाढलेल्या या रकमेवर पाकिस्तानचा हक्क नाही आणि ती भारत व निजामाचे वारस यांचीच आहे, असा निकाल दिला.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य संस्थानात शिरले. मोमिनाबाद येथे निजामी फौजेच्या गोवळकोंडा लान्सर्स पथकाने नावापुरता प्रतिकार केला व शरणागती पतकरली. १ एप्रिल १९५० रोजी संस्थानांचे वित्तीय एकीकरण अंमलात आले. संस्थानी सैन्यांचा भार केंद्राकडे गेला. बीड जिल्ह्यातील करदाता त्या दिवसापासून, आपल्या प्रांताच्या इतिहासात प्रथमच, ज्या सैन्याचा खर्च संसदेत मतास टाकला जातो अशा सैन्यासाठी पैसा देऊ लागला. जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबई राज्यात व १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात समाविष्ट झाला.

संविधानातील तरतूद : १९१९ च्या कायद्यातील भेद संविधानाने शब्दशः ठेवला आणि अर्थाने उलटा केला. केंद्र सरकारच्या खर्चाचे आजही दोन भाग आहेत. राष्ट्रपती, सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश, नियंत्रक व महालेखापरीक्षक यांचे वेतन, कर्जावरील व्याज इ. खर्च संचित निधीवर प्रभारित असतो. त्यावर चर्चा होते, मतदान होत नाही. बाकीचा सर्व खर्च मतास टाकावा लागतो. ब्रिटिशांनी मतापासून दूर ठेवलेला संरक्षणखर्च या दुसऱ्या भागात आला.

अनुच्छेद ११२ नुसार वार्षिक वित्तीय विवरणपत्र, म्हणजेच अर्थसंकल्प, संसदेच्या दोन्ही सभागृहांपुढे ठेवले जाते. सर्वसाधारण चर्चेनंतर प्रत्येक मंत्रालयाच्या अनुदानाच्या मागण्या अनुच्छेद ११३ नुसार फक्त लोकसभेत मतास येतात. लोकसभा मागणी मंजूर करू शकते, नाकारू शकते किंवा तिची रक्कम कमी करू शकते. वाढवू मात्र शकत नाही. राष्ट्रपतींच्या शिफारशीशिवाय मागणीच करता येत नाही, म्हणजे पैसा मागावयाचा सरकारने व रोखावयाचा लोकसभेने, अशी ही विभागणी आहे. मंजूर मागण्या व प्रभारित खर्च एकत्र करून विनियोजन विधेयक मांडतात. ते संमत झाल्यावरच संचित निधीतून पैसा काढता येतो. करांचे प्रस्ताव वित्त विधेयकाद्वारे येतात. राज्यसभेने असे धनविधेयक चौदा दिवसांत परत करावयाचे असते आणि तिच्या शिफारशी लोकसभेवर बंधनकारक नसतात.

विरोधकांचे हत्यार म्हणजे कपात सूचना. धोरणच अमान्य असेल तर मागणी एक रुपयावर आणावी, काटकसर सुचवावयाची असेल तर विशिष्ट रक्कम कमी करावी आणि एखादे गाऱ्हाणे वेशीवर टांगावयाचे असेल तर शंभर रुपयांची सांकेतिक कपात मागावी, अशी प्रथा आहे. बहुमताचे सरकार असता कपात सूचना संमत होत नाही. संमत झालीच, तर सरकारने सभागृहाचा विश्वास गमावला असे मानले जाते. बीड मतदारसंघाने पूर्वीच्या दशकांत विरोधी बाकांवर बसणारे सदस्य अनेकदा पाठविले आहेत. पहिल्या लोकसभेत पीपल्स डेमॉक्रॅटिक फ्रंटचे रामचंद्र परांजपे, १९६७ मध्ये कम्युनिस्ट पक्षाचे क्रांतिसिंह नाना पाटील, १९७७ मध्ये मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे गंगाधरअप्पा बुरांडे. खर्च अडविण्याइतके संख्याबळ यांपैकी कोणाच्याही पक्षाकडे नव्हते. सरकारला उत्तर देणे भाग पाडण्याइतका अधिकार मात्र प्रत्येकाकडे होता. गोखल्यांच्या अधिकाराहून तो अधिक, आणि बीडच्या जुन्या रयतेच्या तुलनेत तर अपरिमित.

२०१६ पर्यंत एप्रिलपूर्वी सर्व मागण्यांवर चर्चा संपणे कठीण असल्यामुळे काही महिन्यांच्या खर्चापुरती आगाऊ मंजुरी दरवर्षी घेण्यात येत असे, तिला लेखानुदान म्हणतात. वर्षाच्या मध्यात रक्कम अपुरी पडल्यास पूरक मागण्या मांडतात. युद्धासारख्या प्रसंगी, खर्चाचा तपशील देणे अशक्य असेल, तर प्रत्ययानुदान देण्याची सोय अनुच्छेद ११६ मध्ये आहे. अमेरिकेत विनियोजन वेळेवर संमत न झाल्यास सरकारी खाती बंद पडतात. २०१८–१९ च्या हिवाळ्यात ती पस्तीस दिवस बंद होती. भारतात असा प्रसंग आला नाही, याचे श्रेय बव्हंशी लेखानुदानाच्या सोयीस आहे.

लेखानुदानाचे एक बोलके उदाहरण अंबाजोगाईशी निगडित आहे. तेथे वाढलेले व शिकलेले प्रमोद महाजन हे मे १९९६ मध्ये अटलबिहारी वाजपेयी यांच्या पहिल्या, तेरा दिवसांच्या सरकारात संरक्षणमंत्री होते. त्या सरकारने लोकसभेकडून एक रुपयाही मंजूर करून घेतला नाही. तरीही सैन्याचा पगार थांबला नाही, कारण आधीच्या लोकसभेने निवडणुकीपूर्वी लेखानुदान देऊन ठेवले होते. नवा अर्थसंकल्प जुलैमध्ये, तिसऱ्याच सरकारने मांडला. कंटिंजंटच्या काळी पगार थकला की तालुके गहाण पडत. येथे वर्षात तीन सरकारे होऊनही तसा प्रश्न उद्‌भवला नाही.

चव्हाणांचा काळ : संसद संरक्षणखर्चाकडे सर्वाधिक गांभीर्याने पाहू लागली ती १९६२ च्या चीनी आक्रमणानंतर. तत्पूर्वी १९४८ मधील जीपगाड्यांच्या खरेदीवर लोकलेखा समितीने कडक ताशेरे ओढले होते. पण एकूण खर्च अल्प असावा, असाच सर्वसाधारण कल होता. २१ नोव्हेंबर १९६२ रोजी, चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली त्याच दिवशी, यशवंतराव चव्हाण यांनी संरक्षणमंत्रिपद स्वीकारले. फेब्रुवारी १९६३ मध्ये अर्थमंत्री मोरारजी देसाई यांनी मांडलेल्या अर्थसंकल्पात संरक्षणासाठी ८६७ कोटी रुपयांची तरतूद होती. आधीच्या वर्षाच्या मूळ तरतुदीच्या दुपटीहून ती अधिक होती. त्यासाठी सक्तीची बचत योजना व नवे कर आले. लोकसभेने कर नाखुशीने आणि संरक्षणाच्या मागण्या जवळजवळ एकमुखाने मंजूर केल्या. याच सुमारास देशभर लोकांनी राष्ट्रीय संरक्षण निधीला रोकड व दागिने दिले. तो ऐच्छिक पैसा संसदेच्या मंजुरीच्या कक्षेत येत नव्हता, हे नोंदविण्याजोगे आहे.

२ सप्टेंबर १९६३ रोजी चव्हाणांनी पराभवाच्या चौकशी अहवालातील निष्कर्ष लोकसभेत थोडक्यात सांगितले. अहवाल मात्र प्रसिद्ध केला नाही. १९६४ मध्ये त्यांनी १९६४–६९ या काळासाठी सुमारे ५,००० कोटींची पंचवार्षिक संरक्षण योजना आखली. या दोन कृतींत संसदीय नियंत्रणाची शक्ती व मर्यादा दोन्ही दिसतात. सभागृहाला किती रक्कम हवी हे कळले, ती पाच वर्षांत कशी वाढेल हेही कळले. मागील रक्कम कोठे कमी पडली, याचा संपूर्ण तपशील मिळाला नाही. गुप्ततेची गरज खरी असते. परंतु ती कोठे संपते हे ठरविणारा अधिकारी आणि पैसा मागणारा अधिकारी एकच असेल, तर १८६० च्या तहातील हिशेबाच्या कलमाची आठवण होणे स्वाभाविक आहे.

चव्हाण १९७० ते १९७४ या काळात अर्थमंत्री होते. १९७१ च्या निर्वासितांचा भार, डिसेंबरमधील युद्ध आणि लागोपाठ महाराष्ट्रातील १९७२–७३ चा भीषण दुष्काळ त्यांच्याच अर्थसंकल्पांवर येऊन आदळला. दुष्काळात होरपळलेल्या जिल्ह्यांत बीड होता. एकाच वर्षी एकाच संचित निधीतून सैन्याची शस्त्रे आणि दुष्काळी कामांसाठी राज्यांना साहाय्य निघावयाचे होते. अशा वेळी लोकसभेतील अर्थसंकल्पीय चर्चेला खरा अर्थ येतो, कारण तेथे एका मागणीची वाढ ही दुसऱ्या मागणीची मर्यादा असते.

नंतरची स्थिती : मागण्यांवरील चर्चेला दिलेले दिवस संपले की उरलेल्या सर्व मागण्या अध्यक्ष एकत्रितपणे मतास टाकतात. या प्रघाताला ‘गिलोटिन’ म्हणतात. त्याच्या पात्याखाली दरवर्षी बहुसंख्य मंत्रालयांच्या मागण्या येतात आणि संरक्षण मंत्रालयही अनेकदा त्यांत असते. ही उणीव भरून काढण्यासाठी एप्रिल १९९३ मध्ये विभागनिहाय स्थायी समित्या नेमण्यात आल्या. त्यांपैकी संरक्षणविषयक समिती मागण्यांची छाननी करून अहवाल देते. खर्च झाल्यावर नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा अहवाल येतो आणि तो लोकलेखा समितीपुढे जातो. ब्रिटिश काळात लष्करी हिशेब अधिकाऱ्यांचीच समिती तपासत असे. १९५० नंतर हे काम लोकप्रतिनिधींकडे आले आणि १९६७ पासून लोकलेखा समितीचे अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याची प्रथा पडली. लेखापरीक्षणाचा राजकीय परिणाम १९८९ मध्ये स्पष्ट दिसला. बोफोर्स तोफांच्या खरेदीवरील अहवाल संसदेपुढे आल्यानंतर विरोधी सदस्यांनी जुलैमध्ये लोकसभेचे सामुदायिक राजीनामे दिले. वर्षअखेरीच्या निवडणुकीत सरकार बदलले. १९८० व १९८४ मध्ये काँग्रेसच्या केशरबाई क्षीरसागर यांना निवडून देणाऱ्या बीडने त्या वेळी जनता दलाचे बबनराव ढाकणे यांना निवडले.

चर्चेचे दिवस मात्र आटत गेले. एप्रिल १९९९ मध्ये वाजपेयी सरकार एका मताने पडल्यावर अर्थसंकल्प सर्वपक्षीय संमतीने चर्चेविनाच संमत करण्यात आला. काही आठवड्यांतच कारगिलचे युद्ध सुरू झाले. त्या वेळी निदान अपवादात्मक परिस्थितीचे कारण होते. जुलै २०१७ मध्ये महालेखापरीक्षकांनी संसदेपुढे ठेवलेल्या अहवालात, तपासलेल्या दारूगोळ्याच्या १५२ प्रकारांपैकी सुमारे ४० टक्के प्रकारांचा साठा दहा दिवसांच्या युद्धालाही पुरणारा नाही, असे नमूद केले होते. पुढील अर्थसंकल्पात या आकड्यांवर सभागृहात सविस्तर चर्चा होणे अपेक्षित होते. १४ मार्च २०१८ रोजी लोकसभेने गदारोळात, अर्ध्या तासाच्या आसपास, संरक्षणासह सर्व मंत्रालयांच्या मागण्या, विनियोजन विधेयक व वित्त विधेयक चर्चेविना संमत केले. २३ मार्च २०२३ रोजी सुमारे ४५ लाख कोटींच्या अर्थसंकल्पातील मागण्याही अशाच मंजूर झाल्या. २०२५–२६ च्या अर्थसंकल्पात संरक्षण मंत्रालयासाठी सुमारे ६ लाख ८१ हजार कोटी रुपये ठेवण्यात आले, त्यांपैकी १ लाख ६० हजार कोटींहून अधिक रक्कम निवृत्तिवेतनाची होती. ही तरतूद चार मागण्यांत विभागलेली असते : मंत्रालयाचा नागरी खर्च, सेनादलांचा महसुली खर्च, भांडवली खर्च आणि निवृत्तिवेतन. प्रत्येक मागणीवर लोकसभेचे स्वतंत्र मत घेता येते.